हायड्रॉलिक फिल्टर बदलल्यानंतर ट्रॅक्टरच्या पंपातील हवा कशी काढावी?

डिझेल फिल्टर बदलला की एअर काढावी लागते, हे बहुतेक ट्रॅक्टरमालकांना पाठ असते. स्क्रू सैल करायचा, हातपंप मारायचा, बुडबुडे थांबले की स्क्रू आवळायचा. हायड्रॉलिकचा फिल्टर बदलतानाही पंपात आणि नळीत हवा शिरते, पण त्याकडे तेवढे लक्ष दिले जात नाही. कारण बहुतेक ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकला हातपंप नसतो. फिल्टर बसवला, ऑइल भरले आणि इंजिन चालू केले की लिफ्ट उचलेलच असे गृहीत धरले जाते. ती उचलत नाही असे दिसले की रेस वाढवली जाते, आणि नेमका इथेच पंप जातो.

फिल्टर काही शे रुपयांचा असतो, तर पंप काही हजारांचा. शिवाय पेरणीच्या किंवा ऊस वाहतुकीच्या तोंडावर पंप गेला तर ट्रॅक्टर चार दिवस उभा राहतो, त्याचा हिशेब वेगळाच. पुढील पद्धतीला अर्धा ते पाऊण तास जादा लागतो. घरी फिल्टर बदलत असाल किंवा गावातील मेकॅनिककडून बदलून घेत असाल, तरी या पायऱ्या तुम्हाला माहीत असल्या पाहिजेत.

हवा का शिरते आणि पंप का खराब होतो?

बहुतेक ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक यांचे ऑइल एकाच हौसिंगमध्ये असते. तिथून ते जाळी व फिल्टरमधून सक्शन नळीने पंपाकडे जाते, पंपातून दाबाने कंट्रोल व्हॉल्व्हकडे आणि पुढे लिफ्टच्या सिलिंडरमध्ये जाते.

अनेक मॉडेलमध्ये गिअर पंप इंजिनच्या बाजूला, हौसिंगमधील ऑइलच्या पातळीपेक्षा वर असतो. फिल्टर काढला की सक्शन नळीतील ऑइल खाली उतरते आणि त्या जागी हवा भरते. पंप ऑइल खेचतो असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात पंप आपल्या तोंडाशी दाब कमी करतो आणि हौसिंगमधील हवेचा दाब ऑइलला वर ढकलतो. हा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो एवढाच असतो. त्यामुळे सक्शन नळीच्या जोडात अगदी बारीक फट असली तरी ऑइल वर येण्याऐवजी त्या फटीतून हवा आत येते. अशा जोडातून ऑइल बाहेर गळताना दिसेलच असे नाही. म्हणून 'गळती नाही, म्हणजे जोड ठीक आहे' हा समज सक्शन बाजूला चालत नाही.

गिअर पंपाच्या आतील फटी केसाएवढ्या किंवा त्याहून बारीक असतात. तिथल्या ऑइलच्या थरावरच गिअर आणि बुश टिकतात. पंप कोरडा फिरला तर धातूवर धातू घासतो, ओरखडे पडतात आणि पंपाची दाब धरण्याची ताकद कायमची कमी होते. इंजिनची रेस जितकी जास्त, तितके हे नुकसान लवकर होते. अशा पंपाने लिफ्ट त्या दिवशी कदाचित उचलेलही, पण काही आठवड्यांनी ऑइल गरम झाल्यावर पलटी नांगर किंवा रोटाव्हेटर उचलेनासा होतो. तेव्हा दोष पंपाच्या वयाला दिला जातो.

तुमच्या ट्रॅक्टरचा पंप कोणत्या प्रकारचा आहे?

काम सुरू करण्यापूर्वी एवढे पाहून घ्या.

- बाहेरचा, इंजिनवर चालणारा गिअर पंप : इंजिन फिरले की पंप फिरतो. हवा अडकण्याची शक्यता यात सर्वांत जास्त. पुढील पद्धत प्रामुख्याने याच पंपासाठी आहे.
- हौसिंगच्या आत, ऑइलमध्ये बुडालेला पंप : जुन्या फर्ग्युसन पद्धतीच्या ट्रॅक्टरमध्ये पंप पीटीओच्या शाफ्टवर चालतो. पीटीओ लिव्हर लावल्याशिवाय लिफ्ट उचलत नाही. पंप ऑइलमध्येच असल्याने हवा लवकर निघते, मात्र ऑइलची पातळी बरोबर हवी. अशा ट्रॅक्टरवर काम करताना पीटीओ शाफ्टला कोणतेही अवजार जोडलेले नसावे.
- पॉवर स्टिअरिंग असलेले ट्रॅक्टर : काहींमध्ये स्टिअरिंगचे ऑइल आणि टाकी स्वतंत्र असते, काहींमध्ये ते हौसिंगमधूनच येते. दुसऱ्या प्रकारात स्टिअरिंगमधील हवाही काढावी लागते.

काम सुरू करण्यापूर्वी

१. ट्रॅक्टर सपाट, धूळ नसलेल्या जागी उभा करा. शेतात किंवा वाऱ्यावर हे काम करू नका.

२. अवजार सोडून लिफ्टचे हात पूर्ण खाली करा. उचललेल्या अवजाराखाली किंवा लिफ्टच्या हातांजवळ जाऊन कोणतेही काम करू नये. हायड्रॉलिक ट्रॉली जोडलेली असेल तर तिचा हौद खाली घेऊन ट्रॉली सोडा. ट्रॉली उचललेली असताना ट्रॅक्टरचे बरेचसे ऑइल तिच्या सिलिंडरमध्ये असते आणि हौसिंगमधील पातळी चुकीची दिसते.

३. इंजिन बंद करून चावी काढा, हँडब्रेक लावा आणि चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावा.

४. फिल्टरभोवतीचा चिखल आधी ब्रश व कोरड्या कापडाने साफ करा. फिल्टर उघडल्यावर पडलेली माती थेट पंपात जाते. पुसण्यासाठी धागे सुटणारे कापड किंवा कापसाचे बोळे वापरू नका.

५. फिल्टर ऑइलच्या पातळीखाली असेल तर तो सोडताच हौसिंगमधील ऑइल बाहेर येते. पुरेसा मोठा स्वच्छ डबा खाली ठेवा किंवा आधी ड्रेन प्लगमधून ऑइल काढा.

जुना फिल्टर लगेच फेकू नका. त्यातील ऑइल पांढऱ्या कागदावर ओता आणि पाहा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक काळसर लोखंडी भुकटी असणे सामान्य आहे. धातूचे तुकडे, पितळेसारखी चमकणारी कणी किंवा रबराचे तुकडे दिसले, तर आतील भाग झिजत आहेत. अशा वेळी नुसता फिल्टर बदलून भागणार नाही.

फिल्टर बसवताना घ्यायची काळजी

हवा काढण्याचे निम्मे काम इथेच होते.

- सक्शन जाळी काढता येत असेल तर ती स्वच्छ डिझेलमध्ये धुऊन पूर्ण वाळवा. जाळी फाटलेली असेल तर बदला. ती तुंबलेली राहिली तर नवा फिल्टर लावूनही पंपाला ऑइल कमी पडते.
- जुना गॅस्केट रिंग बसण्याच्या जागी चिकटून राहिला नाही ना, ते बोटाने तपासा. एकावर एक दोन गॅस्केट बसले की हवा शिरणारच.
- नळी सोडली असेल तर तिची ओ-रिंग आणि वॉशर नवे घाला. जुनी ओ-रिंग दाबून चपटी झालेली असते. ती वरून चांगली दिसली तरी हवा अडवत नाही.
- नव्या गॅस्केटला आणि ओ-रिंगला ऑइलचे बोट लावा. कोरडी ओ-रिंग आवळताना मुडपते.
- फिल्टर बसवण्यापूर्वी तो स्वच्छ, नव्या ऑइलने भरा. डब्यासारखा फिल्टर असेल तर ऑइल बाहेरच्या बारीक छिद्रांतून ओता, म्हणजे ते कागदातून गाळून आत जाईल. थोडे थांबा, पातळी खाली जाईल, पुन्हा भरा. फिल्टर आडवा बसत असेल तर सांडणार नाही एवढेच भरा.
- डब्याचा फिल्टर हाताने फिरवत गॅस्केट टेकवा. त्यानंतर किती वळसा द्यायचा हे फिल्टरवर छापलेले असते. बहुतेकांना अर्धा ते पाऊण वळसा पुरतो. पान्याने जोर देऊन आवळू नका, त्याने गॅस्केट फाटते.
- सक्शन जोडावर टेफ्लॉन टेप गुंडाळणे टाळा. तिचे तुकडे सुटून पंपात आणि व्हॉल्व्हमध्ये अडकतात.

ऑइल ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचेच घ्या. ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक असतील तर त्यासाठी चालणारेच ऑइल हवे. साधे गिअर ऑइल घातल्यास ब्रेक आवाज करतात आणि नीट लागत नाहीत. वेगवेगळ्या दर्जाची ऑइल एकत्र करू नका. भरताना बारीक जाळीचे नरसाळे वापरा.

हवा काढण्याची पद्धत

पायरी १ : ऑइल भरा आणि थांबा. मोजपट्टीवरील वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा आणि १० ते १५ मिनिटे थांबा. ऑइल घट्ट असते, ते जाळीतून आणि फिल्टरमधून पुढे जायला वेळ लागतो. भरताना शिरलेले बुडबुडेही याच वेळात वर येतात.

पायरी २ : पंपाच्या तोंडाशी ऑइल भरा. पंप ऑइलच्या पातळीपेक्षा वर असेल आणि सक्शन नळीचा पंपाकडील जोड सहज सुटत असेल, तर तो सोडून स्वच्छ डब्याने पंपात व नळीत जेवढे मावेल तेवढे ऑइल ओता. नवी ओ-रिंग लावून जोड पुन्हा आवळा. पंपाला थोडे जरी ऑइल मिळाले तरी पहिले फेरे कोरडे जात नाहीत.

पायरी ३ : इंजिन चालू न करता पंप फिरवा. गिअर न्यूट्रल, क्लच दाबलेला, लिफ्टचा लिव्हर खाली आणि इंजिन बंद करण्याचा स्टॉप ओढलेला ठेवा. आता सेल्फ मारा. एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त नको. मध्ये किमान अर्धा ते एक मिनिट थांबा, नाहीतर सेल्फ तापतो आणि बॅटरी उतरते. असे तीन ते चार वेळा करा. या वेगाने पंप इतका हळू फिरतो की थोडी हवा असली तरी नुकसान होत नाही. इलेक्ट्रॉनिक इंधन पद्धतीच्या नव्या ट्रॅक्टरमध्ये ओढायचा स्टॉप नसतो. त्यात अंदाजाने वायर किंवा फ्यूज काढू नका, पुस्तिकेतील किंवा सर्व्हिस सेंटरने सांगितलेली पद्धत वापरा.

पायरी ४ : सर्वांत कमी रेसवर इंजिन चालू करा. हाताचा ॲक्सिलरेटर पूर्ण खाली. लिव्हर खालीच राहू द्या. या स्थितीत ऑइल बिनदाबाने फिरून हौसिंगमध्ये परत येते आणि सोबत हवा घेऊन येते. कान पंपाकडे ठेवा. सुरुवातीला थोडा घरघर आवाज येऊन काही सेकंदांत कमी झाला, तर ऑइल पोहोचले आहे.

पायरी ५ : लिव्हर हळूहळू वर घ्या. साधारण अर्ध्या मिनिटानंतर, अवजार नसताना, लिव्हर थोडा थोडा वर घ्या. हात हलले की लगेच खाली घ्या. हात झटके देत वर येणे म्हणजे हवा अजून आत आहे. घाई न करता ८ ते १० वेळा वर-खाली करा. लिव्हर अगदी वरच्या टोकाला ताणून धरू नका.

पायरी ६ : अर्ध्या मिनिटात हात हलले नाहीत तर इंजिन बंद करा. रेस वाढवू नका. पाच मिनिटे थांबून पायरी ३ पुन्हा करा. दोनदा करूनही हात हलले नाहीत, तर दोष शोधल्याशिवाय इंजिन पुन्हा चालू करू नका.

पायरी ७ : पॉवर स्टिअरिंग. ते त्याच ऑइलवर चालत असेल तर मंद रेसवर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश पाच-सहा वेळा फिरवा. टोकाला नेऊन दाबून धरू नका.

पायरी ८ : पातळी पुन्हा मोजा. लिफ्टचे हात खाली घ्या, इंजिन बंद करा, पाच ते दहा मिनिटांनी मोजपट्टी पाहा. फिल्टर, नळ्या आणि पंप भरल्यामुळे पातळी खाली गेलेली असते. खुणेपर्यंत ऑइल घाला. ही पायरी सर्वांत जास्त वेळा राहून जाते. मग उतारावर किंवा बांधावर ट्रॅक्टर तिरका झाला की सक्शन उघडे पडते आणि हवा पुन्हा शिरते.

पायरी ९ : हलक्या अवजारावर चाचणी. आधी हलके अवजार, नंतर नेहमीचे अवजार उचलून पाहा. तासाभराच्या कामानंतर आणि पुन्हा साधारण १० तासांनी पातळी व जोड तपासा.

लिफ्ट उचलत नसेल तर काय पाहावे?

पान्याला हात लावण्यापूर्वी दोन साध्या गोष्टी तपासा. ट्रॉलीसाठीचा कॉक लिफ्टच्या बाजूला वळवलेला आहे का? पीटीओवर चालणारा पंप असेल तर पीटीओ लिव्हर लावला आहे का? अनेकदा दोष इथेच निघतो.

- आवाज अजिबात नाही, हातही हलत नाहीत : पंपाला ऑइल मिळालेले नाही किंवा पंप फिरतच नाही. पातळी, जाळी आणि पंपाचा जोड पाहा.
- गोटे घुसळल्यासारखा किंवा किरकिर आवाज सतत येतो : पंपाला ऑइल कमी पडते आहे. जाळी तुंबली आहे, चुकीचा फिल्टर लागला आहे, सक्शन नळी आतून चिकटली आहे किंवा थंडीत ऑइल घट्ट झाले आहे.
- हात झटके देत उचलतात, ऑइलला फेस येतो : सक्शन बाजूने हवा शिरते आहे. मंद रेसवर एकेका जोडावर थोडे ऑइल सोडा. ज्या जोडावर सोडल्यावर आवाज बदलेल, तो जोड सैल आहे. हे करताना पंखा, बेल्ट आणि पीटीओपासून हात व सैल कपडे दूर ठेवा.
- थंड असताना उचलते, गरम झाल्यावर सोडते : हवेपेक्षा पंपाची झीज, व्हॉल्व्ह किंवा सिलिंडरचे सील याची शक्यता जास्त. पंपाचा दाब मीटर लावून तपासून घ्या.
- ऑइल दुधाळ दिसते : काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा. बुडबुडे वर जाऊन ऑइल स्वच्छ झाले तर ती हवा होती. दुधाळपणा तसाच राहिला तर पाणी शिरले आहे. भाताच्या चिखलणीत चाललेल्या किंवा पावसात उघड्यावर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरमध्ये हे होते. पाणी कोठून आले ते शोधून ऑइल बदलावे लागते, हवा काढून उपयोग नाही.

हे कधीही करू नका

- दाबाची नळी इंजिन चालू असताना सैल करू नका. लिफ्टमध्ये लोडवर दीडशे ते दोनशे किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या आसपास दाब असू शकतो. पंपाच्या पुढील जोडातून हवा काढायचीच असेल तर फक्त सेल्फवर, स्टॉप ओढून, जोड अर्धा वळसा सैल करून, त्यावर कापड धरून आणि डोळ्यांवर चष्मा लावून काढा.
- गळती हाताने चाचपू नका. बारीक छिद्रातून सुटलेली ऑइलची धार कातडीतून आत शिरते. जखम सुई टोचल्याएवढी दिसते, दुखतही नाही, पण काही तासांत बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. गळती पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहा. अशी इजा झालीच तर ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जा आणि 'दाबाखालचे ऑइल आत गेले आहे' हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.
- हौसिंगमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडून ऑइल ढकलू नका. सील निसटतात, गॅस्केट फुटतात.
- ट्रॅक्टर ढकलून किंवा ओढून चालू करू नका. त्यात पहिले फेरे जोरात बसतात, पंप त्या वेळी कोरडा असतो.
- धुतलेले डिझेल हौसिंगमध्ये राहू देऊ नका. त्याने ऑइल पातळ होते.
- जुने ऑइल ओढ्यात, विहिरीजवळ किंवा शेतात ओतू नका. डब्यात साठवून वापरलेले ऑइल घेणाऱ्या अधिकृत व्यक्तीकडे द्या.

अवजार बँका आणि कृषी सहायकांसाठी

अवजार बँकेतील ट्रॅक्टर अनेक चालकांच्या हातून जातो, त्यामुळे फिल्टर कधी बदलला आणि त्यानंतर पातळी कोणी तपासली हे विसरले जाते. प्रत्येक ट्रॅक्टरमागे एक वही ठेवा. तारीख, मीटरवरील तास, फिल्टरचा क्रमांक, ऑइलचा दर्जा, घातलेले लिटर आणि १० तासांनंतरची पातळी एवढ्या नोंदी पुरतात. पातळी वारंवार कमी होत असेल तर ऑइल कोठेतरी जाते आहे, हे वहीवरून लगेच लक्षात येते. गावात प्रशिक्षण घेताना पंपाचा आवाज प्रत्यक्ष ऐकवा. नीट चालणारा आणि ऑइल कमी पडलेला पंप यांच्या आवाजातील फरक एकदा ऐकला की चालक तो विसरत नाही.

थोडक्यात

फिल्टर भरून बसवा, ऑइल भरून थांबा, आधी सेल्फवर फिरवा, मग मंद रेसवर चालू करा, बिन-अवजार उचलून पाहा आणि पातळी पुन्हा मोजा. लिफ्ट उचलली नाही तर रेस वाढवण्याऐवजी इंजिन बंद करा. तासांचे अंतर, ऑइलचा दर्जा आणि लिटर याबाबत तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतील आकडाच अंतिम माना.